कॅज्युअल्टीतले फसवे रुग्ण: न जुळणारी गोष्ट पकडायची कशी

आजाराचं नाव माहीत नव्हतं म्हणून आपत्कालीन विभागात निदान हुकलं, असं फार कमी वेळा होतं. नाव माहीत असतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलेलं असतं. पण रुग्ण आत येतो तोच एक सोयीचं स्पष्टीकरण सोबत घेऊन: "जास्त झालीय", "ॲसिडिटी आहे", "टेन्शन घेतलंय". ते एकदा मान्य झालं की पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याच बाजूने वाचली जाते आणि न जुळणारा एखादा आकडा कागदावर तसाच पडून राहतो. पुढची पद्धत तो आकडा पकडण्यासाठी आहे. रात्री तीन वाजता दमलेल्या माणसालाही पाळता यावी, इतकी ती साधी ठेवली आहे.

हा मजकूर प्रशिक्षित डॉक्टर आणि नर्सेससाठी आहे. डोस प्रौढांचे आहेत. मुलांचे असतील तिथे तसं लिहिलं आहे. आपल्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळावा.

पहिली दहा मिनिटं

ट्रायेजच्या (गंभीरतेप्रमाणे रुग्णांचा क्रम लावण्याच्या) कागदावर लक्षण लिहावं, निदान लिहू नये. "गॅसचा त्रास" असं लिहिलेला कागद पुढच्या माणसाच्या हातात गेला की ईसीजी मागे पडतो. "पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, घाम आलाय, ४० मिनिटांपासून" असं लिहिलं, तर तोच कागद ईसीजी काढायला लावतो.

नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, तापमान हे आकडे यंत्र देतं. श्वासाची गती माणसाला मोजावी लागते, त्यामुळे सर्वांत जास्त अंदाजाने लिहिला जाणारा आकडा तोच. ओळीने दहा केसपेपरांवर १८ किंवा २० दिसलं तर कोणीच मोजलेलं नाही असं समजावं. घड्याळ समोर धरून पूर्ण ६० सेकंद मोजा. छाती स्टेथोस्कोपने स्वच्छ, ऑक्सिजन ९८ टक्के आणि श्वास ३२, असं चित्र असेल तर "घाबरलाय" हे शेवटचं निदान. आधी ॲसिडोसिस (रक्तातलं आम्ल वाढणं) शोधा: कीटोॲसिडोसिस (मधुमेहात कीटोन साचून होणारा), सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं), निकामी किडनी, मिथेनॉल किंवा ॲस्पिरिनची विषबाधा. फुप्फुसातली गुठळीही याच वेशात येते.

शुद्ध हरपलेला, झटका आलेला, अंगाची एक बाजू लुळी पडलेला, वेड्यासारखा वागणारा, दारूचा वास येणारा, मलूल पडलेलं मूल: या सगळ्यांची शुगर सीटी स्कॅनच्या आधी. शुगर उतरल्यावर हुबेहूब पक्षाघातासारखी एक बाजू लुळी पडू शकते आणि ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत ती हलू लागते. थ्रॉम्बोलिसिसच्या (गुठळी विरघळवणारं औषध देण्याच्या) आधी शुगर बघणं सक्तीचं आहे ते याचसाठी. बोटाला साखर किंवा फळाचा रस लागला असेल तर स्ट्रिप खोटी जास्त दाखवते, आणि रुग्ण शॉकमध्ये (रक्तपुरवठा कोसळलेला) असेल तर बोटातल्या रक्ताचा भरवसा नाही. अशा वेळी शिरेतलं रक्त वापरा.

शुगर ७० च्या खाली आणि लक्षणं असतील तर २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज शिरेतून द्या. म्हणजे १० टक्क्यांचं २५० मिली, २५ टक्क्यांचं १०० मिली किंवा ५० टक्क्यांचं ५० मिली. यातलं १० टक्क्यांचं सर्वांत बरं, कारण ५० टक्क्यांचं शिरेबाहेर गेलं तर भोवतालचं मांस सडतं. मुलांना १० टक्क्यांचंच, किलोमागे २ ते ५ मिली. मद्यपी किंवा कुपोषित रुग्णाला सोबत थायमिन द्या. मात्र थायमिन सापडेपर्यंत ग्लुकोज थांबवू नका.

खरी चूक यानंतर होते. रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, आणि घरी सोडला जातो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी सल्फोनिलयुरिया गटातली गोळी घेणाऱ्याची शुगर काही तासांनी पुन्हा घसरते. किडनी कमजोर असेल तर हा खेळ दुसऱ्या दिवशीही चालू राहतो. अशा रुग्णाला भरती करून २४ तास नजरेखाली ठेवा, पहिले काही तास दर तासाला शुगर बघा. पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ऑक्ट्रिओटाइड ५० ते १०० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, दर ६ तासांनी. नुसतं डेक्स्ट्रोज ओतत राहिलं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि शुगर परत खाली येते.

उलट बाजूचा सापळा नवा आहे. "शुगर १७० आहे, म्हणजे कीटोॲसिडोसिस नाही" हा हिशेब आता चालत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी एसजीएलटी-२ गटातली औषधं घेणाऱ्यांत शुगर जवळपास नॉर्मल असतानाही पूर्ण कीटोॲसिडोसिस होतो. उपास, उलट्या किंवा शस्त्रक्रिया हे त्याचं नेहमीचं निमित्त. मळमळ, पोटदुखी आणि जलद श्वास असेल तर गोळ्यांची पाकिटं मागवा, रक्तातले कीटोन आणि ब्लड गॅस (रक्तातलं आम्ल आणि वायू मोजणारी तपासणी) करा. आणि कुठल्याही कीटोॲसिडोसिसमध्ये पोटॅशिअम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशिअम द्या. इन्सुलिन उरलंसुरलं पोटॅशिअम पेशीत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडते.

ईसीजी: एकदा काढून भागत नाही

छातीत, जबड्यात, खांद्यात, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, अचानक दम, घाम, घेरी: १० मिनिटांत ईसीजी. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखताही हार्ट ॲटॅक येतो. आजीबाई "अंगात त्राणच नाही" एवढंच म्हणतात, तेव्हाही ईसीजी काढावा. पहिला साफ असेल आणि दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा. आधीचा ईसीजी शेजारी ठेवूनच नवा वाचा.

दोन जागा हमखास हुकतात. व्ही-१ ते व्ही-३ या छातीवरच्या लीडमध्ये एसटी हा रेषेचा भाग खाली गेलेला, उंच आर लाट आणि वरच्या दिशेची टी लाट दिसली तर तो "इस्केमिया" म्हणून बाजूला ठेवू नका. हृदयाच्या मागच्या भिंतीचा ॲटॅक समोरून असाच दिसतो. व्ही-६ च्याच पातळीवर मागे तीन लीड लावा: व्ही-७ काखेच्या मागच्या रेषेत, व्ही-८ खांद्याच्या फऱ्याच्या टोकाखाली, व्ही-९ मणक्याच्या कडेला. इथे अर्धा मिलिमीटर एसटी वर असेल तरी पुरे. दुसरी जागा उजव्या बाजूची. २, ३ आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर असेल तर नायट्रेट देण्याआधी व्ही-४ उजव्या बाजूला, पाचव्या बरगडीच्या फटीत लावून बघा. उजवी जवनिका सापडली असेल तर जिभेखालची एक गोळी रक्तदाब पार खाली आणते, मग सलाईनचे २५० मिलीचे बोलस (एकदम दिलेले डोस) देत सावरावं लागतं.

विचित्र ईसीजीचं पहिलं स्पष्टीकरण पोटॅशिअम असावं. रुंद क्यूआरएस, गायब पी, मंद गती. कधी तर थेट हार्ट ॲटॅकसारखा वर गेलेला एसटी. डायलिसिसचा रुग्ण असेल तर लॅबची वाट न पाहता कॅल्शिअम द्या: १० टक्के कॅल्शिअम ग्लुकोनेट ३० मिली, ५ ते १० मिनिटांत, मॉनिटरवर नजर ठेवून. त्याचा परिणाम ३० ते ६० मिनिटंच टिकतो. तेवढ्यात इन्सुलिन १० युनिट आणि २५ ग्रॅम ग्लुकोज. इन्सुलिन दिल्यावर एक ते तीन तासांत शुगर उतरण्याचा धोका सर्वाधिक असतो, नेमका तेव्हा रुग्ण वॉर्डमध्ये पोचलेला असतो आणि तिथे कोणाला सांगितलेलं नसतं. पुढचे ६ तास दर तासाला शुगर हवी, हे केसपेपरवर वेळेसकट लिहूनच रुग्ण हलवा.

याच गोतावळ्यातलं एक दुखणं आता जास्त ओळखलं जातं, त्याला ब्रॅश सिंड्रोम म्हणतात. नाडी मंद करणारी औषधं, म्हणजे बीटा ब्लॉकर किंवा व्हेरापामिल, डिल्टियाझेम घेणाऱ्या वयस्कर माणसाला जुलाब होतात, किडनी थोडी बिघडते, औषध साचतं, नाडी मंदावते, त्यामुळे किडनीला रक्त आणखी कमी मिळतं, पोटॅशिअम वाढतं आणि नाडी अजून मंदावते. यात पोटॅशिअम ५.८ असेल, क्रिएटिनिन थोडंच वाढलेलं असेल. एकेक आकडा "एवढं काही नाही" म्हणण्यासारखा, आणि नाडी मात्र ३२. ॲट्रोपिनने बहुधा काही होत नाही. कॅल्शिअम, पोटॅशिअम उतरवण्याचे उपचार, शरीर कोरडं असेल तर सलाईन आणि ॲड्रिनॅलिनचं इन्फ्युजन एकत्र सुरू केलं की यातले अनेक रुग्ण पेसमेकरशिवाय सावरतात.

छातीच्या दुखण्यातला सर्वांत महागात पडणारा गोंधळ महाधमनी फाटण्याचा. रक्त पातळ करणारं हेपरिन आणि गुठळी विरघळवणारं औषध हार्ट ॲटॅकमध्ये जीव वाचवतं, इथे जीव घेतं. दुखणं कसं आहे यापेक्षा ते कसं सुरू झालं, हे विचारा. पहिल्याच क्षणी सर्वांत तीव्र, मग पाठीत किंवा पोटात सरकणारं दुखणं असेल तर थांबा. दोन्ही हातांचा रक्तदाब घ्या. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक हा इशारा आहे, पण फरक नसला म्हणून सुटका नाही. छातीत दुखणं आणि सोबत मेंदूचं, हाताचं किंवा पायाचं काही लक्षण, ही जोडी दिसली की सीटी ॲन्जिओग्राफीपर्यंत हेपरिन बंद. एक्स-रे नॉर्मल आल्याने हे निदान रद्द होत नाही.

ऑक्सिमीटर काय सांगत नाही

बोटावरचं साधं यंत्र प्रकाशाच्या दोनच तरंगलांबी वापरतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटलेल्यासारखंच दिसतं. त्यामुळे गुदमरत असलेल्या माणसाचा आकडा ९९ येऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, घेरी, ताप नाही, आणि एकाच घरातले दोन-तीन जण एकाच वेळी आजारी: इथे "व्हायरल" लिहिण्याआधी बंद खोलीत जनरेटर, शेगडी किंवा गॅसवरचा हीटर होता का, हे विचारा. को-ऑक्सिमीटर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारा भाग) असलेल्या यंत्रावर ब्लड गॅस करा. साधा ब्लड गॅस ऑक्सिजनची टक्केवारी गणिताने काढतो, तोही फसतो. निदान पक्कं होण्याची वाट न पाहता नॉन-रिब्रीदर मास्कने १५ लिटर ऑक्सिजन द्या. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला ४ ते ६ तास लागतात, १०० टक्के ऑक्सिजनवर साधारण ६० ते ९० मिनिटं. म्हणूनच रुग्णवाहिकेत तासभर ऑक्सिजन घेऊन आलेल्याची पातळी कमी आली तरी विषबाधा किरकोळ होती असं ठरत नाही. गर्भवती असेल तर उपचार लांबवा. बाळाच्या रक्तातून हा वायू सावकाश निघतो. आणि हो, घरी राहिलेल्या बाकीच्या माणसांना बाहेर काढायला सांगायला विसरू नका.

बंद जागेतल्या आगीतून आलेला, शुद्धीवर नसलेला, लॅक्टेट १० च्या आसपास किंवा वर: सोबत सायनाइडही धरा. हायड्रॉक्सोकोबालामिन ५ ग्रॅम, १५ मिनिटांत. लघवी आणि त्वचा लाल होते, घाबरू नका.

दुसरा फसवा आकडा ८५. कितीही ऑक्सिजन दिला तरी यंत्र ८५ च्या आसपास अडून बसलंय, ओठ निळे-राखाडी आहेत, पण धाप त्या मानाने कमी आहे आणि ब्लड गॅसमधला ऑक्सिजनचा दाब उत्तम आहे: मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन). रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. हवेत ठेवूनही तो चॉकलेटी राहिला तर शंका पक्की. डॅप्सोन, नायट्राइट, नायट्रोबेन्झीन, ॲनिलीन रंग, बेन्झोकेन किंवा प्रिलोकेन यांची चौकशी करा. उपचार मेथिलीन ब्लू, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, ५ मिनिटांत सावकाश. १ टक्क्याचं द्रावण असेल तर किलोमागे ०.१ ते ०.२ मिली. ते देताच ऑक्सिमीटरचा आकडा आणखी खाली कोसळतो, कारण निळा रंग यंत्राला चकवतो. हे टीमला आधीच सांगून ठेवलं नाही तर कोणीतरी घाईने श्वासनलिकेत ट्यूब टाकायला धावतं. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांत हे औषध रक्तपेशी फोडतं, आणि नैराश्यावरची एसएसआरआय औषधं चालू असतील तर सेरोटोनिनची विषबाधा घडवू शकतं.

दम्याच्या जोराच्या झटक्यात असाच एक "नॉर्मल" आकडा घातक असतो. जलद श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. तो ४० आला तर रुग्ण थकतोय. घरघर थांबली पण माणूस बरा दिसत नाही, तर हवाच आत जात नाहीये.

लक्षणं झाकणारी माणसं

बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी रक्तस्रावातही ८० च राहते. नेहमी १७० रक्तदाब असणाऱ्याचा ११० हा शॉक असू शकतो. बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्याचं पोट आतडं फुटल्यावरही मऊ लागतं. आणि त्याने गोळ्या अचानक सोडल्या असतील, रक्तदाब सलाईनने आणि नॉरॲड्रिनॅलिनने वर येत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्यावं, तपासण्या मागून. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आजोबा घरात घसरले, डोक्याला नुसता टेंगूळ आहे, बोलतायत छान: तरीही सीटी.

पाळी येण्याच्या वयातली कोणतीही स्त्री पोटदुखी, घेरी किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणं घेऊन आली तर लघवीची गर्भचाचणी करा. "शक्यच नाही" हे उत्तर नोंदवा आणि चाचणी कराच. गर्भनलिकेतला गर्भ फुटल्यावर पोटातलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतं, म्हणून खांदा दुखतो. हिमोग्लोबिन सुरुवातीला नॉर्मलच येतं.

"पोट दुखतंय" म्हणणाऱ्या मुलाची चड्डी काढून तपासणी झालीच पाहिजे. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला साधारण ६ तास मिळतात, आणि लाजेने मुलगा पोटावरच हात ठेवतो.

लाळ गाळणारं, गिळायला नकार देणारं किंवा उगाच खोकत राहिलेलं लहान मूल: एक्स-रे. नाणं दिसलं म्हणून हुश्श करू नका, झूम करून कड बघा. दुहेरी वर्तुळ दिसलं तर ती बटण बॅटरी. अन्ननलिकेत अडकल्यावर दोन तासांतही ती खोल भाजते, कारण तिच्या ऋण टोकाशी अल्कली तयार होते. बॅटरी फुटावी लागत नाही. एक वर्षावरचं मूल असेल, गिळून १२ तास झालेले नसतील आणि गिळता येत असेल तर दर १० मिनिटांनी १० मिली मध, जास्तीत जास्त ६ वेळा, किंवा रुग्णालयात सुक्रालफेट द्यावं. मात्र एंडोस्कोपी यासाठी पाच मिनिटंही लांबवू नका. उलटी करवू नका. नाकात अडकलेली बॅटरीही तितकीच तातडीची.

गरगरणाऱ्या रुग्णाबद्दल एकच नियम सांगतो: सोडण्याआधी त्याला चालवून बघा. आधाराशिवाय उभं राहता येत नसेल तर ते कानाचं म्हणून घरी पाठवू नये. लहान मेंदूचा ताजा पक्षाघात साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही.

मेल्यासारखा दिसणारा

मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, दुखत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटदुखी, मग पापण्या जड, मग बोलणं अस्पष्ट. पुढे स्नायू पूर्ण लुळे पडतात, बाहुल्याही हलत नाहीत, आणि मेंदू मृत झाल्यासारखं चित्र दिसतं. रुग्ण मात्र आत जागा असू शकतो, सगळं ऐकत असतो. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण पूर्ण बरे होतात. कारण न सापडलेल्या लुळेपणात विष, औषध आणि थंडी वगळल्याशिवाय मेंदूबद्दल निकाल देऊ नये. आणि त्याच्या उशाशी बोलताना तोंड सांभाळावं.

गारठलेल्या रुग्णाची नाडी एका मिनिटापर्यंत चाचपावी. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका महिलेचं शरीर १३.७ अंश सेल्सियसपर्यंत थंड झालं होतं, हृदय बंद होतं, तरी ती वाचली. गाभ्याचं तापमान ३० अंशांखाली असेल तर ॲड्रिनॅलिन थांबवून ठेवतात आणि हृदयाला विजेचे शॉक तीनपेक्षा जास्त देत नाहीत. छाती दाबून हृदयाचा मसाज आणि ऊब देणं चालू ठेवतात. वीज पडून अनेक जण जखमी झाले असतील तर ट्रायेज उलटा करावा: निपचित पडलेल्याकडे आधी जा. हृदय बऱ्याचदा आपोआप सुरू होतं, श्वास उशिरा येतो, आणि मधल्या वेळात कोणी हवा दिली नाही तर हृदय पुन्हा थांबतं. विस्फारलेल्या बाहुल्यांवरून इथे काही ठरवू नये.

ट्यूब टाकताना

ट्यूब श्वासनलिकेत आहे याचा पुरावा एकच, कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लाट. छाती हलताना दिसली, ट्यूबमध्ये वाफ आली, स्टेथोस्कोपने आवाज आला, या तिन्ही गोष्टी अन्ननलिकेतल्या ट्यूबनेही घडू शकतात. किमान सात श्वास लाट टिकली पाहिजे. "हृदय बंद आहे म्हणून लाट नाही" हे स्पष्टीकरण मान्य करू नका. मसाज नीट चालू असेल तर लाट छोटी का होईना, येते. लाट नाही तर ट्यूब काढा आणि मास्कने हवा द्या. हे बोलायचा अधिकार खोलीतल्या सर्वांत ज्युनिअर माणसालाही आहे, हे ट्यूब टाकण्याआधी मोठ्याने सांगून ठेवावं.

तीव्र ॲसिडोसिसमध्ये रुग्ण स्वतः ३५-४० श्वास घेऊन रक्त सावरत असतो. त्याला लुळं करून व्हेंटिलेटरवर १४ ची गती लावली की पीएच कोसळतो आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. शक्यतो ट्यूब टाळा. टाळता येत नसेल तर सर्वांत अनुभवी हाताने टाका, आणि लगेच गती २४ ते ३० व श्वासाचं आकारमान आदर्श वजनाच्या किलोमागे ८ मिली ठेवा. कार्बन डायऑक्साइड किती हवा याचा हिशेब: बायकार्बोनेट गुणिले १.५, अधिक ८. बायकार्बोनेट ६ असेल तर १७ च्या आसपास. ॲस्पिरिनच्या विषबाधेत हा धोका सर्वाधिक, म्हणून तिथे बायकार्बोनेट आणि डायलिसिसची तयारी आधी.

औषधं: हात कुठे चुकतो

ॲड्रिनॅलिनबद्दल बहुतेक चुका एकाच गोंधळातून होतात. १:१००० म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम; १:१०,००० म्हणजे १ मिलीत ०.१ मिलिग्रॅम. घाईत हे गुणोत्तर उलटं वाचलं जातं. तोंडी ऑर्डर नेहमी मिलिग्रॅममध्ये आणि मार्गासह द्या: "ॲड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत." ॲनाफायलॅक्सिसचा (जीवघेण्या ॲलर्जीचा) पहिला डोस हाच, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. ५ मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. नाडी लागत असलेल्या माणसाला हृदय बंद पडल्यावरचा १ मिलिग्रॅमचा डोस शिरेत गेला तर हृदयाची लय बिघडते, रक्तदाब मेंदूत रक्तस्राव होण्याइतका चढतो. दुसरी चूक उलट टोकाची: आधी एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन "बघू या" म्हणत थांबणं. ती औषधं श्वासनलिका उघडत नाहीत, रक्तदाबही वर आणत नाहीत. रुग्णाला आडवं ठेवा, पाय वर. दम लागत असेल तरच बसवा. एकदम उभं केल्याने रिकामं हृदय बंद पडल्याची उदाहरणं आहेत. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यावर ॲड्रिनॅलिन चालत नसेल तर ग्लुकॅगॉन १ ते ५ मिलिग्रॅम, ५ मिनिटांत. उलटी होते, कूस वळवून ठेवा.

तीव्र पोटॅशिअम क्लोराइडचे ॲम्प्यूल सलाईन आणि पाण्याच्या ॲम्प्यूलशेजारी ठेवू नका. वेगळ्या, कुलूपबंद खणात ठेवा. बारीक शिरेतून ताशी १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, कधीही बोलस नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि मणक्यात द्यायचं ब्युपिव्हाकेन यांचे ॲम्प्यूल सारखे दिसल्याने मणक्यात चुकीचं औषध जाऊन मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याबद्दल खास इशारा दिला. उपाय अगदी साधा आहे: ही दोन औषधं एका ट्रेमध्ये, एका खोक्यात येऊच द्यायची नाहीत. इन्सुलिन फक्त इन्सुलिनच्याच सिरिंजने ओढावं, आणि "युनिट" हा शब्द पूर्ण लिहावा. आकड्यापुढचं इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखं वाचलं जातं आणि डोस दहापट होतो.

तोंडी ऑर्डर ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची, देणाऱ्याने "बरोबर" म्हणायचं, मगच सुई टोचायची. मुलाचं वजन अंदाजाने न लिहिता काट्यावर करा. काटा नसेल तर लांबीवरून वजन सांगणारी पट्टी वापरा, आणि वजन किलोतच लिहा. अनोळखी, बेशुद्ध रुग्णाला तात्पुरतं वेगळं नाव आणि नंबर देऊन मनगटी पट्टा बांधा. एकाच अपघातातले दोघे "अज्ञात पुरुष" म्हणून नोंदले गेले तर रक्ताच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

ड्युटी बदलताना आणि घरी सोडताना

हँडओव्हर रुग्णाच्या पलंगाशी, कागद हातात घेऊन करावा. क्रम ठरलेला असू द्या: किती गंभीर, आतापर्यंत काय झालं, काय करायचं बाकी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, शेवटी घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. आय-पास नावाच्या या पद्धतीची नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांत तपासणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. नव्या डॉक्टरने आयतं मिळालेलं निदान स्वीकारण्याआधी एक प्रश्न विचारावा: "यात काय जुळत नाहीये?" उत्तर "काहीच नाही" असं पटकन आलं तर रुग्णाला स्वतः पुन्हा तपासा.

घरी सोडण्याच्या अर्ध्या तास आत सगळे आकडे पुन्हा घ्या. नाडी १०० च्या वर असेल तर तिचं कारण लिहिल्याशिवाय रुग्ण दाराबाहेर जाऊ नये. वेदना आणि ताप उतरल्यावरही ती तशीच असेल तर निदान अजून झालेलं नाही. कागदावर "गरज वाटल्यास या" असं मोघम लिहू नका. "पुन्हा दुखलं, उलटी थांबली नाही, पाय जड वाटला, लघवी अडली, तर रात्रीसुद्धा लगेच या" असं लिहा आणि सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याशी भांडण नको. तो का जातोय ते विचारा, अर्धे तरी उपचार द्या, औषधं लिहून द्या आणि परत यायला दार उघडं आहे हे सांगा. नुसती सही घेतल्याने त्याची प्रकृती सुरक्षित होत नाही.

न आलेल्या रिपोर्टांची एक वही काउंटरवर असावी: रुग्णाचं नाव, फोन, कोणता रिपोर्ट, बघण्याची जबाबदारी कोणाची. ब्लड कल्चर दोन दिवसांनी पॉझिटिव्ह येतं, रेडिओलॉजिस्टचा अंतिम अहवाल सकाळी येतो, तोवर पाठवणारा डॉक्टर झोपलेला असतो. सकाळच्या ड्युटीच्या पहिल्या तासात एका ठरलेल्या माणसाने ही वही उघडून फोन लावायचे, आणि फोन लागला की नाही तेही त्याच ओळीत लिहायचं.